नीरेचे ऊन, रथाची सावली आणि हौशी कॅमेरा

वाल्ह्याचा मुक्काम हलवून श्रीज्ञानेश्वर माउलींचा पालखी सोहळा नीरेच्या काठी येतो. दत्तघाटावर पादुकांना स्नान घडते, ‘माउली माउली’चा गजर पाण्यावरून घुमतो आणि सोहळा सातारा जिल्ह्यात पाऊल टाकतो. पुढचा मुक्काम लोणंद. एरवी कांद्याच्या बाजारपेठेमुळे आणि पुणे-मिरज लोहमार्गावरील स्थानकामुळे परिचित असलेले हे गाव त्या दिवशी सारेच्या सारे पालखीतळाकडे लोटते. तेथून निघाले की तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब, आणि तेथे या वाटचालीतील पहिले उभे रिंगण. नीरास्नान, लोणंदचा तळ आणि चांदोबाचा लिंब ही तीन स्थळे काही कोसांच्या आतच येतात. छायाचित्राची हौस असणाऱ्याला एवढीच वाट पुरेशी आहे.

ही हौस पूर्वी थोड्यांना परवडे. छत्तीस चित्रांचा रोल जपून जपून वापरावा, तो धुऊन येईपर्यंत आठवडा जावा आणि त्यातली दोन चित्रे धड निघाली तर समाधान मानावे, असे ते दिवस होते. आता घरोघरी कॅमेरा आहे, आणि मोबाइलमधला धरला तर प्रत्येकाच्या खिशात आहे. मात्र ज्या घरातील आजी-आजोबांनी ऐन उमेदीत वर्षानुवर्षे पायी वारी केली आणि ज्यांचे गुडघे आता लोणंदपर्यंतही साथ देत नाहीत, त्या घरात नातवाने काढून आणलेले छायाचित्र ही नुसती मौज राहत नाही. आजी चष्मा पुसून ते चित्र हाती घेते आणि विचारते, “यात माउली कुठे आहेत रे?” चित्रात आकाश पांढरेफटक पडलेले असते, रथाची चांदी नको तितकी झळाळत असते, आणि ज्यासाठी तो रथ, ती पालखी छत्राखालच्या काळोखात बुडालेली असते. नातू मित्राला विचारतो. मित्र सांगतो, ‘एचडीआर कर.’ मग कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, या प्रश्नापाशी येऊन नवशिका अडतो. त्याचे उत्तर देणारे पुष्कळ आहेत. पण त्यांतील बहुतेकांच्या डोळ्यांपुढे डोंगर, समुद्र आणि उंच इमारती असतात. दिंडी कोणाच्याच डोळ्यांपुढे नसते.

दोष कॅमेऱ्याचा नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. आपला डोळा उन्हात बारीक होतो, सावलीत विस्फारतो आणि दोन्हीकडचे पाहून झाले की मन त्याचे एकच चित्र बांधते. कॅमेऱ्याला एका क्षणी एकच माप घ्यावे लागते. प्रकाशाच्या या मापाला छायाचित्रकार ‘स्टॉप’ म्हणतात. एक स्टॉप वाढला की प्रकाश दुप्पट होतो. चांगल्या आधुनिक कॅमेऱ्याचे भिंग-पटल कमी आयएसओवर साधारण १२ ते १४ स्टॉपांचा पल्ला टिपू शकते. परंतु तेच चित्र ‘जेपेग’ या नेहमीच्या रूपात साठवले की प्रत्येक रंगाच्या केवळ २५६ पायऱ्या उरतात. ‘रॉ’ नावाच्या कच्च्या रूपात, ते १४ बिटांचे असल्यास, १६,३८४ पायऱ्या असतात. आषाढाच्या तोंडावरचे आकाश, त्याखाली वारकऱ्यांची शुभ्र धोतरे, टोपीच्या आणि फेट्याच्या सावलीतले रापलेले चेहरे, आणि छत्राखालची पालखी एवढा मोठा पल्ला जेपेगच्या लहानशा डब्यात मावत नाही. उजेड राखावा तर चेहरे काळे, चेहरे राखावे तर आकाश नाहीसे.

या अडचणीवरचा उपाय तसा जुना आहे. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० च्या दशकात समुद्राची चित्रे करताना पाण्यासाठी एक काच आणि आकाशासाठी दुसरी काच वापरून दोन्हींचे मिळून एक चित्र छापले. संगणकाच्या युगात याला शास्त्राचे रूप आले ते १९९७ साली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी त्या वर्षी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एकाच दृश्याची कमी-अधिक प्रकाशात घेतलेली अनेक चित्रे एकत्र करून त्यातून दृश्यातील खऱ्या प्रकाशाचे माप कसे काढावे, ही रीत त्यांनी दिली. यांतील मलिक हे मूळचे मथुरेचे. कृष्णजन्माच्या नगरीत जन्मलेल्या माणसाच्या गणिताने विठ्ठलाच्या वाटेवरची छायाचित्रे उजळावीत, हा योगायोग आमच्या वाचकांना मौजेचा वाटेल.

एवढा मोठा पल्ला हाती आला तरी तो कागदावर किंवा पडद्यावर पुन्हा दाबून बसवावाच लागतो. या दाबून बसवण्याला टोन मॅपिंग म्हणतात, आणि सॉफ्टवेअरांचे गुणदोष येथेच उघडे पडतात. २००७ साली मर्टेन्स, काउत्झ आणि व्हान रीथ या संशोधकांनी याहून सोपी वाट दाखविली. मोजमापाच्या भानगडीत न पडता प्रत्येक चित्रातील जो भाग नीट उतरला आहे तेवढाच वेचून एकत्र विणावा, अशी ती रीत. तिला ‘एक्स्पोजर फ्यूजन’ हे नाव आहे. नवशिक्याने हे नाव लक्षात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल.

आता वारीतली खरी अडचण. एचडीआरसाठी साधारणतः तीन चित्रे घेतात: एक योग्य प्रकाशाचे, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त. कॅमेऱ्यातील ब्रॅकेटिंगची सोय लावली की ती लागोपाठ निघतात. डोंगर या तीन क्षणांत हलत नाही. दिंडी हलते. टाळ वर गेलेला असतो तो खाली येतो, पताका फडकते, पावली खेळणाऱ्याचा पाय उचललेला असतो तो टेकतो. तिन्ही चित्रे एकावर एक बसवली की एका वारकऱ्याला तीन हात, तुळशीवृंदावन डोईवर घेतलेल्या माउलीच्या शेजारी तिचीच पुसट सावली, असे काहीतरी विचित्र तयार होते. छायाचित्रणाच्या बोलीत या दोषाला ‘भुते’ असेच म्हणतात. ती काढून टाकण्याची सोय अनेक सॉफ्टवेअरांत असते. पण ती भुते कशी काढतात? हलत्या भागापुरते तीनपैकी एकच चित्र ठेवतात आणि बाकीची दोन टाकतात. म्हणजे जेथे माणसे आहेत तेथे एचडीआर राहतच नाही, ते राहते फक्त रिकाम्या आकाशात आणि रस्त्यात. ज्या चित्रात माणसांवाचून दुसरे काही नाही, तेथे हा सारा खटाटोप व्यर्थ म्हणावा लागेल.

म्हणून आमचा पहिला कौल असा की, नीरास्नान, दिंडीची चाल आणि चांदोबाच्या लिंबाचे रिंगण यांसाठी तीन चित्रांचा मोह धरू नये. तेथे एकच चित्र घ्यावे, पण रॉ रूपात घ्यावे आणि थोडे कमी प्रकाशाचे घ्यावे, म्हणजे ढग आणि पांढरे कपडे जळत नाहीत. एकदा पांढरे जळाले की ते कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. अंधारातले मात्र पुष्कळसे वर काढता येते. रिंगणात माउलींचा अश्व डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच समोरून निघून जातो, आणि पाठोपाठ लोक त्याच्या टापांखालची माती कपाळी लावायला धावतात. त्या क्षणाला तीन चित्रे कुठली, एक मिळाले तरी भाग्य.

तीन चित्रांची रीत कामी येते ती स्थिर दृश्यांत. मुक्कामावर विसावलेला रथ, पहाटेच्या काळोखात दिव्यांनी उजळलेल्या राहुट्या, गावातल्या देवळाचा दगडी गाभारा आणि समईच्या उजेडातली काळ्या पाषाणाची मूर्ती, ही ती ठिकाणे. गाभाऱ्याचे चित्र पुजाऱ्यांची आणि विश्वस्तांची परवानगी असेल तरच घ्यावे, हे आमच्या वाचकांना सांगावे लागू नये. तिपाईदेखील मोकळ्या जागी ठीक. दर्शनाच्या रांगेत ती रोवून भाविकांची वाट अडवणाऱ्या हौशी मंडळींना आमच्याकडे क्षमा नाही.

सॉफ्टवेअरांची निवड

एवढे ध्यानात घेतले म्हणजे निवड पुष्कळ सोपी होते. एका रॉ चित्रातून उजेड-सावली सावरणारी सॉफ्टवेअरे वेगळी आणि अनेक चित्रे जोडणारी वेगळी. काही दोन्ही करतात. वारीच्या छायाचित्रकाराला पहिल्या जातीची गरज दहापैकी नऊ वेळा लागते, आणि सुदैवाने त्यातली दोन उत्तम सॉफ्टवेअरे विनामूल्य आहेत.

‘रॉथेरपी’ हे त्यातले एक. त्यात ‘डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन’ नावाची सोय आहे. एकच पट्टी हळूहळू सरकवावी आणि छत्राखालची पालखी काळोखातून वर येताना पाहावी. दुसरे ‘डार्कटेबल’. विंडोजवर ते २०१७ च्या अखेरीस उपलब्ध झाले, आणि त्यातील ‘टोन इक्वलायझर’ हे अवजार तर फारच गुणी आहे: चित्रातील अंधारा, मध्यम आणि उजळ भाग वेगवेगळे धरून प्रत्येकाचा प्रकाश कमी-जास्त करता येतो. परंतु डार्कटेबलचा पसारा मोठा, आणि पहिल्या बैठकीत नवशिक्याचा जीव त्यात गुदमरतो. ते अनेक रॉ चित्रे जोडूनही देते, पण ती आपली आपण जुळवून घेत नाही. कॅमेरा तिपाईवर घट्ट नसेल तर जोडलेले चित्र डळमळीत येणार. आमच्या मते आरंभ रॉथेरपीने करावा आणि हात बसल्यावर डार्कटेबलकडे वळावे.

स्थिर दृश्यांची चित्रे जोडण्यासाठी ‘फोटोमॅटिक्स’ हे जुने आणि नाणावलेले सॉफ्टवेअर आहे; २००३ पासून ते याच एका कामासाठी ओळखले जाते. ते एकदाच विकत घ्यावे लागते, आणि घेण्यापूर्वी वापरून पाहता येते. तेवढ्यात चित्रावर त्यांची खूण उमटते इतकेच. त्यात तयार नमुन्यांची मोठी रांग मांडलेली दिसेल. त्यातील भडक नमुन्यांना भुलू नये, मघाशी सांगितलेले एक्स्पोजर फ्यूजन निवडावे. फुकटात हेच काम करणारी ‘ल्युमिनन्स एचडीआर’ आणि ‘ह्युगिन’ही आहेत. ल्युमिनन्समध्ये टोन मॅपिंगच्या पद्धतींना मान्टियुक, फट्टल, राइनहार्ड अशी संशोधकांचीच नावे दिली आहेत. नवशिक्याला ती मंत्रांसारखी वाटतात. कोणता मंत्र कशासाठी हे कोणी सांगत नाही. ह्युगिन मुळात रुंद चित्रे जोडण्यासाठी आहे, पण हाती धरून घेतलेली तीन चित्रे जुळवून त्यांचे फ्यूजन करणे त्याला उत्तम साधते. कष्ट थोडे जास्त, पैसा शून्य.

‘लाइटरूम’चे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. २०१५ पासून त्यात चित्रे जोडण्याची सोय आहे. ती सुबक आहे, जोडलेले चित्र पुन्हा कच्च्या रूपातच हाती येते, आणि भुते काढण्याची पातळी आपल्याला ठरवता येते. लग्नकार्याची छायाचित्रे काढून चरितार्थ चालवणाऱ्यांना ते परवडते. पण त्याचे पैसे सतत भरत राहावे लागतात. वर्षातून एकदा, पालखी गावात आली की कॅमेरा काढणाऱ्या कुटुंबाने त्या भाड्यात पडावे असे आम्हांस वाटत नाही. तेवढ्या पैशांत दरवर्षी कितीतरी मोठी छायाचित्रे छापून नात्यागोत्यांत वाटता येतील.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांच्यासाठी ‘स्नॅपसीड’ विनामूल्य आहे. मात्र येथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आजचा चांगला मोबाइल आपण बटण दाबताच स्वतःच अनेक चित्रे घेऊन ती जोडून देतो. गूगलच्या संशोधकांनी आपल्या मोबाइलमधील या रीतीवर २०१६ साली शोधनिबंधही प्रसिद्ध केला. त्यात कमी प्रकाशाची अनेक चित्रे झटपट घेऊन, हलणारे भाग सांभाळून ती एकत्र केली जातात. म्हणजे हाती आलेले चित्र आधीच एचडीआर असते. त्यावर स्नॅपसीडमधील ‘एचडीआर स्केप’ पुन्हा चढवणे म्हणजे मीठ घातलेल्या आमटीत पुन्हा मीठ घालणे. तेथे केवळ सावली उजळणारी पट्टी थोडीशी सरकवली तरी भागते.

प्रभावळ आणि काजळी

सॉफ्टवेअर कोणतेही घेतले तरी पारख करण्याची जागा एकच: चेहऱ्याची कड आणि आकाश जेथे भेटतात ती रेघ. टोन मॅपिंग जास्त झाले की फेट्याभोवती, पताकेभोवती, रथाच्या कळसाभोवती एक उजळ वलय उमटते. हौशी छायाचित्रकाराला ते प्रथमदर्शनी आवडतेही. देवघरातल्या तसबिरींत संतांच्या मस्तकामागे तेजोवलय पाहतच आपण लहानाचे मोठे झालो. राजा रविवर्म्याच्या छापखान्याने १८९४ पासून घराघरांत पोहोचवलेल्या देवदेवतांच्या चित्रांनी ही दृष्टी आपल्यात रुजवली. पण चित्रकार वलय काढतो तेव्हा ते तो श्रद्धेने आणि जाणून काढतो. सॉफ्टवेअरने काढलेले वलय हे हिशेबातली चूक असते. ते माउलींच्या पालखीभोवती पडते तसेच शेजारच्या विजेच्या खांबाभोवतीही पडते.

दुसरा दोष याच्या उलट. गालावरच्या सुरकुत्या, दाढीचे खुंट, घामाची रेघ यांना सॉफ्टवेअर इतके धारदार करते की उन्हापावसात चालून रापलेला, पण आनंदाने उजळलेला वारकरी काजळी धरलेल्या भिंतीसारखा दिसू लागतो. असली चित्रे कौतुकाने दाखवली जातात आणि त्यांना ‘कष्टाचे दर्शन’ वगैरे नावे दिली जातात. आम्हांस ते पटत नाही. त्या माणसाच्या घरच्यांना ते चित्र दाखवले तर ते काय म्हणतील, एवढी एकच कसोटी लावून पाहावी.

तिसरी गोष्ट दोषाची नव्हे, मोहाची. फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये २०२० पासून आकाशच बदलण्याची सोय आली आहे. करड्या आभाळाच्या जागी केशरी सूर्यास्त क्षणात बसतो. लोणंदच्या माळावर ज्येष्ठ-आषाढाचे आभाळ करडेच असते, आणि ते तसेच असावे अशी त्या वाटेवरच्या निम्म्या लोकांची प्रार्थना असते. पेरणी उरकून, किंवा पेरणीची चिंता घरी ठेवून निघालेला शेतकरी त्या ढगाकडे पाहत चालत असतो. ते आभाळ पुसून तेथे केशरी रंग भरला तर चित्र सुंदर होईल, पण त्या वर्षीची वारी त्यातून निघून जाईल. पाऊस ओढ देत होता की भिजवीत होता, हे दहा वर्षांनी त्या चित्रावरून कळले पाहिजे. चांगले एचडीआर करते ते एवढेच: ढगाचे काळे पोट आणि त्याखालचा चेहरा, दोन्ही जसे होते तसे एका कागदावर आणते.

‘एचडीआर’ हा शब्द हल्ली दूरदर्शन संचांवर आणि मोबाइलच्या पडद्यांवरही लिहिलेला असतो, आणि त्याने घोटाळा होतो. तेथे त्याचा अर्थ पडद्याची वाढीव झळाळी एवढाच. २०२३ पासून अँड्रॉइड मोबाइलांत आणि लाइटरूममध्ये अशी झळाळणारी चित्रे साठवण्याची सोय झाली. ती त्या जातीच्या पडद्यावर खुलतात, साध्या पडद्यावर तितकी नाही, आणि कागदावर तर ती झळाळी उतरतच नाही. ज्याला चित्र भिंतीवर लावायचे आहे त्याने या सोयीच्या वाटेला जाऊ नये.

सरावासाठी पालखीची वाट पाहण्याची गरज नाही. घरचे देवघरच बरे. सायंकाळी समई लावावी, शेजारची खिडकी उघडी ठेवावी, आणि ज्योत, चांदीचे निरांजन, काळी मूर्ती व बाहेरचे आकाश ही चारही एका चौकटीत घ्यावीत. कॅमेरा पाटावर किंवा पुस्तकांच्या चळतीवर टेकवून तीन चित्रे रॉ रूपात काढावीत आणि तीच तीन चित्रे प्रत्येक सॉफ्टवेअरला द्यावीत. ज्योतीचा आकार टिकला का, निरांजनाच्या कडेला वलय आले का, मूर्तीचा काळा रंग काळाच राहिला की राखाडी झाला, एवढे पाहावे. काळ्या पाषाणाला राखाडी करणारे सॉफ्टवेअर किंवा पट्टीची ती जागा बाद. मधल्या एकाच चित्रातून रॉथेरपीने काय काढले तेही शेजारी ठेवून पाहावे. पुष्कळदा ते जोडलेल्या चित्राहून उजवे ठरते.

छापण्यासाठी चित्र देताना ते जेपेग करून, ‘एसआरजीबी’ हे रंगमाप ठेवून द्यावे. गावोगावच्या स्टुडिओंतील यंत्रे बहुधा तेच धरून चालतात. पडद्याचा उजेड मध्यम ठेवूनच चित्र तयार करावे, नाहीतर छापील प्रत काळवंडलेली येते आणि दोष उगाच स्टुडिओवाल्याच्या माथी बसतो. चकचकीत कागदापेक्षा मॅट कागद घ्यावा. त्यावर दिव्याची तिरीप उमटत नाही, आणि म्हाताऱ्या डोळ्यांना चित्र कलते करून न्याहाळावे लागत नाही.